घाटात शिरण्यापूर्वी मागचा टायर कसा तपासावा

लांब पल्ल्याच्या मोटरसायकलचा मागचा टायर बहुधा मधोमध झिजतो, कारण पुणे-बेंगळुरू महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर सामानाने लादलेली गाडी तासन्‌तास त्याच पट्ट्यावर धावत असते. कडेची नक्षी नवी दिसते म्हणून फसू नये. टायरवरून आडवा तळहात फिरवावा. गोलाईऐवजी मध्ये सपाटी आणि तिच्या दोन्ही बाजूंना कंगोरा लागला, तर आंबोलीच्या वळणावर गाडी आधी कलायला कुरकुरते आणि मग एकदम कलते. (माझी अशी कलली, तेव्हा मी उगाच सस्पेन्शनला दोष दिला होता.) त्यानंतर टायरच्या बाजूवरील त्रिकोणी खूण किंवा टीडब्ल्यूआय (TWI, म्हणजे झीजदर्शक) ही अक्षरे शोधून त्याच रेषेतील खाचेच्या तळाचा उंचवटा पाहावा, नक्षी त्याच्या पातळीला आली असेल, तर टायर बदलावाच. टायरच्या बाजूवरच कोरलेल्या निर्मितीच्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात; २३२३ म्हणजे २०२३ चा तेविसावा आठवडा. हवा थंड टायरमध्येच, गाडीच्या पुस्तिकेत भारासाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी आणि धावून तापल्यावर वाढलेला दाब कमी करू नये. नव्या टायरवर पहिले दीडशेएक किलोमीटर, विशेषतः ओल्या रस्त्यावर, गाडी बेतानेच कलवावी.