जुनं आउटबोर्ड मशीन: या चुका टाळा

पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते आणि ऑगस्ट उजाडला की होडीच्या मागे लावायची ही इंजिनं, म्हणजे आमची मशीनं, दुरुस्तीला माझ्या पडवीत येऊ लागतात. निम्म्यांचं दुखणं एकच: पाण्याबाहेर कोरडं चालवलेलं.

‘नुसता आवाज बघितला, दोनच मिनिटं.’ दोन मिनिटं पुष्कळ झाली. मशीन थंड ठेवायला पाणी वर चढवणाऱ्या खालच्या पंपातला इंपेलर, म्हणजे पात्यांचं चाक, रबराचा असतो आणि पाणी हेच त्याचं वंगण. कोरडा फिरला की काही सेकंदांतच त्याची पाती जळू लागतात. एका पोराने वडिलांचं जुनं टू-स्ट्रोक मशीन असंच स्टँडवर चालवलं. खाडीत गेल्यावर मागची पाण्याची धार बंद. त्याने परत येऊन नवीन इंपेलर टाकला, तरी मशीन तापायचंच. माझ्याकडे आणलं तेव्हा मी जुना इंपेलर मागितला. सहापैकी चारच पाती शाबूत होती. उरलेल्या दोन पात्यांचे तुकडे वर पाण्याच्या नळीत अडकले होते. तोवर पिस्टन सिलिंडरला घासून गेला होता. त्याच्या वडिलांनी वीस वर्षं जपलेलं मशीन होतं ते, मला फार वाईट वाटलं.

म्हणून पाती मोजा. तुकडे सापडेपर्यंत मशीन परत जोडू नका. नवा इंपेलर बसवताना मी भांड्यांच्या साबणाचं पाणी लावतो आणि शाफ्ट चालताना फिरतो त्याच दिशेने फिरवत पंप खाली दाबतो. चाचणी फक्त गोड्या पाण्याच्या पिंपात. पिंप भरायचा कंटाळा असेल त्याने जुन्या मशीनला हात लावू नये.

होडी उलटून मशीन बुडालं तर उन्हात वाळवायला ठेवू नका. खारं पाणी आणि हवा एकत्र आली की बेअरिंगं काही तासांत गंजू लागतात. गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढा, दोरी हळूहळू ओढून पाणी बाहेर काढा, आत तेल सोडा आणि त्याच दिवशी चालू करा. ते जमणार नसेल तर गोड्या पाण्यात बुडवूनच ठेवा. आत पाणी असताना जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजाने ओतू नका. जॉन्सन-एव्हिनरूडच्या १९६४ नंतरच्या बऱ्याच मॉडेलांना ५०:१ चालतं, म्हणजे लिटरला २० मिली. त्याआधीच्यांना २४:१, म्हणजे जवळपास दुप्पट. मी औषधाच्या मापानेच घेतो.

गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर सील गेलं, आत पाणी शिरतंय. नुसतं ऑइल बदलून पुन्हा दर्यात जाऊ नका.

मोसम संपल्यावर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ठेवू नका. इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं आणि जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, बुजतात.

मशीनऐवजी स्वतः गंजावा म्हणून बाहेर झिंकचा तुकडा लावलेला असतो, त्यावर रंग मारू नका.

पंख्याची पिन तुटली म्हणून खिळा घालणारे अजून भेटतात. पंखा खडकावर आपटला की पिन तुटते आणि गिअर वाचतो. खिळा तुटत नाही, गिअरचे दात जातात. दोन जादा पिना आणि पक्कड हँडलला चिकटपट्टीने बांधून ठेवा.