स्पीकरच्या एकाच हॉर्नमधून आवाज चिरका येतोय? आधी हॉर्नचा घसा (ड्रायव्हर बसतो ते मागचं अरुंद भोक) बघा (माझा अनुभव)
परभणीकडं सप्ताहाला साउंड लावतो आम्ही. एका हॉर्नमधून टाळ अन् 'स', 'श' लई चिरके यायचे, जोडीचा दुसरा मात्र एकदम साफ. डायफ्राम (आवाज काढणारा आतला पातळ पडदा) बदलला, इक्यूवर (इक्वलायझरवर) हाय, म्हणजे उंच सूर, कमी केले, ॲम्पचे चॅनल अदलाबदल केले, काहीच फरक नाही, पार वैताग आला.

शेवटी ॲम्प बंद करून ड्रायव्हर (हॉर्नच्या मागं बसणारा, आवाज तयार करणारा भाग) खोलून काढला, घशात टॉर्च मारली तर गॅस्केटची (दोघांमधल्या रबरी चकतीची) कड एका बाजूनं दोन-तीन मिमी आत आलेली. 10 किलोहर्ट्झची लहर जेमतेम 34 मिमीची, अन् 1 इंची घसा 25.4 मिमीचा, त्यात एवढी पायरी आली की आवाज थोडा तिथूनच मागं फिरतो.

मग ड्रायव्हरच्या तोंडाला लगेच टेप लावला, कारण लोखंडाचा कीस आत गेला की चुंबक सोडत नाही. हॉर्नवरचं जुनं गॅस्केट खरवडलं, कॅलिपरनं ड्रायव्हरचं अन् हॉर्नचं अशी दोन्ही भोकं मोजली, सारखीच भरली. पातळ रबर शीटचं नवीन कापलं, भोक घशापेक्षा अर्धा मिमी मोठं. टेप काढला, बोल्ट हातानंच लावले, हॉर्नच्या तोंडातून टॉर्चनं बघत कडा जुळवल्या, मगच समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळले. क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज वेगळे करून पाठवणारं सर्किट) तसाच ठेवून कमी आवाजात स्वीप (खालपासून वरपर्यंत चढत जाणारा चाचणीचा सूर) मारला, चिरकेपणा गेला.

ड्रायव्हरचं तोंड 1.4 इंची अन् हॉर्नचा घसा 1 इंची निघाला तर मात्र गॅस्केटनं भागत नाही, निमुळता अडॅप्टरच लागतो.