साइड-बाय-साइड गाडीची देखभाल : हात न पोचणाऱ्या जागांचे नियोजन

शेजारी-शेजारी दोन आसने, मोटारीसारखे स्टिअरिंग आणि डोक्यावर नळ्यांचा पिंजरा असलेली साइड-बाय-साइड गाडी चालवायला जितकी मोकळीढाकळी, तितकीच दुरुस्तीला अडचणीची असते. अमेरिकेतील ॲरिझोना आणि युटाच्या धुळीत अशी गाडी घरच्या घरी सांभाळताना माझा बहुतेक वेळ प्रत्यक्ष दुरुस्तीत न जाता, त्या भागापर्यंत पोचण्याच्या द्राविडी प्राणायामातच गेला आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. माहितीपुस्तिकेतील देखभालीचा तक्ता भागांच्या नावांनुसार आणि चालवलेल्या तासांनुसार लावलेला असतो; आपले काम मात्र दारांनुसार लावावे. एक झाकण उघडले की त्यामागचे सगळे त्याच दिवशी पाहून घ्यावे, मग तक्त्यात त्यातील एखाद्या भागाची पाळी दोन महिन्यांनी येणार असली तरी हरकत नाही.

ही अडचण निर्मात्याने मुद्दाम केलेली नसते. गाडी उतारावर उलटू नये म्हणून इंजिन आसनांच्या मागे, शक्य तितके खाली आणि मध्याकडे बसवावे लागते. त्यातच अमेरिकेच्या वनखात्याच्या अखत्यारीतील अनेक कच्च्या वाटांवर ५० इंचांपेक्षा रुंद वाहनाला परवानगी नसते आणि २००७ साली आलेली, पोलारिस या अमेरिकी कंपनीची पहिली आरझेडआर ही साइड-बाय-साइड गाडी नेमकी ५० इंच रुंद होती. नंतरची आरझेडआर एक्सपी १००० ही ६४ इंचांपर्यंत पसरली खरी, पण त्या वाढीव जागेतील बरीचशी सस्पेन्शनच्या लांब दांड्यांनी घेतली. या गाडीत ९९९ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरांचे इंजिन, त्यामागे गिअरपेटी, डाव्या अंगाला इंजिनची ताकद गिअरपेटीकडे नेणाऱ्या बेल्टची पेटी, मागे सायलेन्सर आणि या सगळ्यांच्या डोक्यावर सामानाचा हौदा अशी दाटीवाटी आहे. पुढील सूचना अशा मागे इंजिन असलेल्या, बेल्टवर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहेत. बोल्ट किती ताकदीने आवळायचे त्याचे आकडे मात्र ज्याने त्याने आपल्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत.

गाडी आदल्या दिवशी धुवावी, त्याच दिवशी नाही. वाळलेला चिखल बोल्टच्या खाचांत सिमेंटसारखा बसतो आणि झाकण काढताना नेमका उघड्या भोकात पडतो. मात्र दाबाच्या पाण्याचा फवारा बेअरिंगांच्या सीलवर, रेडिएटरच्या पातळ पात्यांवर किंवा बेल्टपेटीच्या हवेच्या तोंडावर जवळून मारू नये. पाने साधेच लागतात, पण लहान लागतात : पाव इंची रॅचेट, लांब आणि आखूड एक्स्टेन्शन, वाकणारा सांधा, ८ आणि १० मिलिमीटरच्या लांब गोट्या (सॉकेट), चुंबकाची दांडी आणि एक छोटा आरसा. आरशाच्या जागी मोबाइलचा कॅमेरा चालतो, पण त्यात डावे-उजवे उलटत नसल्याने आरशाची सवय असलेला माणूस आधी थोडा गोंधळतो. प्लॅस्टिकच्या खिळेवजा क्लिपा डझनभर जास्तीच्या आणून ठेवाव्यात; जुन्या क्लिपा उन्हाने ठिसूळ होतात आणि काढताना त्यातल्या निम्म्या तुटतात, हे गृहीतच धरावे.

पहिले दार म्हणजे मागचे डावे चाक. बेल्टच्या झाकणाचे पुढचे आणि वरचे बोल्ट चाक न काढताही निघतात, म्हणून पुष्कळ जण चाक तसेच ठेवून काम सुरू करतात आणि खालच्या दोन-तीन बोल्टांवर तासभर घालवतात. गाडी जॅकवर उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी, उरलेल्या चाकांना अडण लावावी आणि चाक सरळ काढून टाकावे. झाकणाची बाह्यरेषा एका पुठ्ठ्यावर काढून, जो बोल्ट जिथला असेल तो तिथेच पुठ्ठ्यात टोचून ठेवावा. बोल्टांची लांबी सारखी नसते. लांब बोल्ट उथळ भोकात बसवला की एक तर तो टेकून झाकण सैल राहते, नाहीतर आटे जातात, आणि प्लॅस्टिकच्या पेटीतील आटे गेले की पुढचे काम वाढते. न दिसणारा बोल्ट परत बसवताना गोटीत ग्रीसचा ठिपका लावून त्यात बोल्ट चिकटवावा आणि रॅचेट न लावता नुसत्या एक्स्टेन्शनने, बोटांच्या जोरावर पहिले तीन-चार फेरे द्यावेत. तिरका लागला असेल तर ते बोटांना लगेच कळते, रॅचेटच्या लांब दांडीला कळत नाही.

बेल्ट दोन पुल्यांवर फिरतो; तो काढताना मागची पुली फाकवण्यासाठी गाडीसोबत एक हत्यार मिळते. तेच वापरावे, कारण स्क्रू ड्रायव्हरने बेल्ट उपसून काढताना पुलीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला ओरखडा पुढच्या प्रत्येक बेल्टला खातो. बेल्टवर बाण असेल तर फिरण्याची दिशा त्याप्रमाणे ठेवावी, आणि जुनाच बेल्ट परत घालायचा असेल तर तो ज्या दिशेने फिरत होता त्याच दिशेने घालावा. कडांना चकाकी, दातांच्या मुळाशी चिरा, सुटलेले धागे किंवा एकाच जागी झिजून आलेली कंबर दिसली, तर तो बेल्ट बदलावाच. बेल्ट वाटेत तुटला असेल तर खरी कटकट नवा बेल्ट घालण्याची नसून जुन्याचे धागे शोधण्याची असते. पुढच्या पुलीमागे, शाफ्टच्या सीलभोवती आणि गरम हवा बाहेर नेणाऱ्या नळीत ते धागे गुंडाळलेले सापडतात. सीलखाली शिरलेला एक धागा पुढे तेलाची गळती होऊन उगवतो. पुल्या कोरड्या हवेने आणि तेलकट थर न ठेवणाऱ्या क्लीनरने पुसाव्यात. बेल्टला हात लावण्यापूर्वी हातही धुवावेत, हे सांगायला क्षुल्लक वाटते, पण ग्रीस लागलेला बेल्ट घसरतो आणि घसरलेला बेल्ट तापून जळतो. बेल्ट चढवल्यावर मागची पुली हाताने फिरवत राहावी, म्हणजे तो खोबणीतून वर येऊन कडेपाशी बसतो. नवा बेल्ट पहिले ७०–८० किलोमीटर सांभाळून, वेग कमी-जास्त करीत आणि जड ओझे न ओढता चालवावा.

चाक निघालेलेच आहे, तर ते परत बसवण्यापूर्वी ब्रेकचे पॅड, ॲक्सलच्या सांध्यावरचे रबरी बूट, शॉकॲब्सॉर्बरचे बुश आणि चाकाचे बेअरिंग पाहून घ्यावे. बूट फाटल्याचे आज दिसले तर खर्च एका बुटाचा असतो. आत वाळू शिरल्यावर अख्खा ॲक्सल बदलावा लागतो.

दुसरे दार आसनांच्या मागे आणि हौद्याखाली आहे. येथे काम करताना इंजिन पूर्ण थंड असावे. स्पार्क प्लगच्या खोलगट विहिरीत गोळा झालेली वाळू, प्लग सैल करण्याआधी फुंकून काढावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये उतरते. प्लग परत बसवताना पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा त्याच्या टोकावर खोचून त्यानेच फिरवावा. आटे चुकले तर नळी हातात घसरते आणि ॲल्युमिनियमचे आटे वाचतात. वायरींचे आणि क्लिपांचे फोटो उघडण्यापूर्वी काढून ठेवावेत, कारण एखादी वायर दोन इंच इकडे-तिकडे सरकली तरी ती सायलेन्सरवर टेकू शकते. याच दारामागे उष्णता अडवणारे पत्रे असतात. त्यांचे बोल्ट गंजलेले, जागा अरुंद आणि पत्रा धारदार असल्याने ते तसेच काढून कोपऱ्यात टाकून देण्याचा मोह होतो. तो टाळावा. एप्रिल २०१६ मध्ये पोलारिसने आगीच्या धोक्यामुळे आरझेडआर ९०० आणि १००० या प्रकारांतील सुमारे १,३३,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. इंजिन, इंधन आणि तापलेला सायलेन्सर इतक्या जवळ असले की चूक किती महाग पडते, हे त्यावरून कळते. पत्र्यांमागे अडकलेले वाळके गवत आणि काटक्या प्रत्येक वेळी बोटांनी चाचपून काढाव्यात.

तिसरे दार पोटाखाली. ऑइल सोडण्याचा बोल्ट तळपत्र्यातील एका भोकासमोर येतो, असे कागदावर तरी ठरलेले असते. खडकांवर आपटून पत्रा वाकला की भोक सरकते, आणि सुमारे अडीच लिटर तेलातील पाव भाग पत्र्यावर पसरून पुढचे चार दिवस गॅरेजच्या फरशीवर ठिबकत राहतो. पुठ्ठ्याची किंवा जाड ॲल्युमिनियम फॉइलची पन्हळ भोकातून आत सरकवून बोल्टखाली धरली, तर हा पसारा बराचसा टळतो. पत्रा पूर्ण काढायची वेळ आली आणि बोल्टांची डोकी दगडांनी घासून गुळगुळीत झाली असतील, तर कानशीने दोन बाजू सपाट करून पक्कड लावावी, आणि परत बसवताना जुने बोल्ट न वापरता नवे, आट्यांना गंजरोधक लेप लावून बसवावेत.

पुढच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या मधल्या लांब शाफ्टचे ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरण्याचे छोटे तोंड, हे सर्वांत चिडचीड करणारे ठिकाण. शाफ्ट फिरतो, म्हणून निपल भोकासमोर येईलच असे नाही. सपाट जागी, चाके जमिनीवर असताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून एकाने हळूहळू ढकलावी आणि दुसऱ्याने टॉर्च धरून पाहत राहावे. निपल दिसताच गाडी थांबवून चाकांना अडण लावावी, म्हणजे अर्ध्या तासाचे काम पाच मिनिटांत होते. ग्रीस गनला काटकोनी तोंड असलेली लवचीक नळी लावावी, आणि भरण्याआधी निपल पुसावे, नाहीतर आत ग्रीसऐवजी वाळूच जाते.

पुढच्या बाजूला फारशी अडचण नाही. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्याने लांब नळ्यांत हवा अडकते, म्हणून कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बदलल्यावर गाडीचे तोंड उंच करून ठेवावे आणि हवेचे बुडबुडे निघेपर्यंत थांबावे. रेडिएटर मागच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा, कारण चिखल पुढून आत शिरलेला असतो.

सर्व बसवून झाल्यावर गाडी दहा मिनिटे अंगणात फिरवावी, चाकांचे नट पुन्हा आवळावेत आणि खाली पुठ्ठा पसरून रात्रभर थेंब पडतो का ते पाहावे. बोल्टांच्या पुठ्ठ्यात एखादा बोल्ट टोचलेलाच राहिला असेल, तर त्याच्या जागेवरून कोणते झाकण पुन्हा काढायचे ते आपोआप कळते.