विमानाच्या मॉडेलखालचं जुनं काँक्रीट कसं रंगवावं

काँक्रीट म्हटलं की हात आपोआप करड्या रंगाच्या बाटलीकडे जातो. पण उन्हापावसात वर्षं काढलेलं काँक्रीट फिकट आणि किंचित पिवळसर, मातकट असतं. शिवाय शेजारशेजारचे दोन स्लॅबही एका छटेचे नसतात. हे दिसलं तरच जमीन खरी वाटते.

आधी माप. विमानतळावरचा स्लॅब ६ मीटरचा धरला, तर १:७२ प्रमाणाच्या (खऱ्याच्या बहात्तरावा भाग) मॉडेलमध्ये तो सुमारे ८३ मिमी आणि १:४८ मध्ये १२५ मिमी होतो. खरा सांधा जेमतेम बोटभर रुंद असतो, म्हणून मॉडेलवर सुईने पट्टीच्या आधाराने ओढलेली बारीक रेघ पुरते. खोल, रुंद खाच पाडली की बेस (मॉडेलखालची जमीन) फरशीसारखा दिसतो. सपाट लाकडी फळीवर चिकटवलेला २ मिमीचा प्लास्टिक शीट यासाठी उत्तम. रेघा ओढून झाल्यावर पृष्ठभाग सँडपेपरने खरवडून घ्या. थर्माकोल किंवा फोम वापरत असाल तर त्यावर थेट स्प्रे मारू नका, त्यातल्या द्रावकाने तो विरघळतो. आधी ब्रशने अ‍ॅक्रिलिकचा थर द्या.

प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून द्यायचा पहिला थर) लावून तो वाळल्यावर पांढऱ्यात थोडा करडा आणि चिमूटभर मातकट रंग मिसळून सगळीकडे लावा. विमानापेक्षा जमीन फिकट हवी, नाहीतर विमान तिच्यात हरवतं. मग मास्किंग टेप लावून एखादा स्लॅब किंचित गडद, एखादा किंचित उबदार करा. फरक जेमतेम जाणवेल इतकाच ठेवा. फाटक्या स्पंजने दोन-तीन जवळच्या छटांचे हलके ठिपके द्या आणि पूर्ण वाळू द्या.

आता वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग. अ‍ॅक्रिलिकवर एनॅमल किंवा तैलरंगाचा वॉश निर्धास्त चालतो, कारण व्हाइट स्पिरिटने (हे रंग पातळ करायच्या द्रावकाने) वाळलेला अ‍ॅक्रिलिक सुटत नाही. गडद तपकिरी रंग पातळ करून बारीक ब्रशचं टोक सांध्याला टेकवा, रंग आपणच रेघेतून पळतो. काळा टाळा. सांडलेलं दहा-पंधरा मिनिटांनी, व्हाइट स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेल्या ब्रशने पुसा.

डागांवर मात्र वेळ घालवा. प्रत्येक डागाला कारण हवं. विमान आधी जागेवर ठेवून पेन्सिलने चाकांच्या आणि इंजिनाच्या खुणा करा. रेडियल इंजिन (सिलिंडर वर्तुळात मांडलेलं) तेल गाळतं, त्यामुळे डाग तिथेच, बरोबर इंजिनाखाली. जुना डाग फिकट, पसरट, कडा विरलेला. त्याच्या पोटात लहान, गडद, ताजा डाग, आणि अगदी ताज्या थेंबावर ग्लॉस (चकचकीत) वार्निशचा एक ठिपका. थेंब एकावर एक पडतात तसे थर चढवा, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. बेसभर विखुरलेले डाग मला कधीच पटत नाहीत. तिथे काही उभंच नव्हतं, मग तेल आलं कुठून?

टायरच्या खुणा गडद करड्या पिगमेंटने (सुक्या रंगपावडरीने), कोरड्या ब्रशने, विमान ज्या दिशेने आत आलं त्याच दिशेत ओढा. सांध्यांत कुठेकुठे मातकट पिगमेंट आणि हिरव्या पावडरीची चिमूट, तीही चाकं फिरत नाहीत तिथेच.

मॅट (बिनचकाकीचं) वार्निश ग्लॉसच्या ठिपक्याआधी मारा, नाहीतर ताजं तेल निस्तेज होईल. पिगमेंट वार्निशखाली बरंच फिकं पडतं, म्हणून ते थोडं जास्त लावा किंवा वार्निशनंतर पुन्हा एक हात फिरवा.