एस्केप रूममध्ये सहकुटुंब जाताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

एस्केप रूम म्हणजे ठरावीक वेळात कोडी सोडवून जिच्यातून सुटायचं असतं अशी खेळाची खोली. सुरतेच्या त्या पहिल्या खोलीत आम्ही सात जण होतो आणि साठ मिनिटांपैकी बेचाळीस मिनिटं एकाच लाकडी पेटीभोवती उभे होतो. पेटीची किल्ली पाचव्या मिनिटालाच सापडली होती. आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. पोरं हरवतील म्हणून त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकून ठेवली. वेळ संपल्यावर बाहेर येऊन सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो, तर ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही इचारंच नही."

तेव्हापासून दोन वर्षांत आम्ही पाच तऱ्हा करून बघितल्या. सुरतेची कुलपांची खोली, पुण्याची सेन्सरवाली, एक भुताटकीची, घरी खेळायचा डब्यातला खेळ आणि शेवटी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेरच्या आमच्या जुन्या घरात स्वतः मांडलेला डाव. पाचांपैकी दोनच वेळा वेळेत सुटलो. म्हणजे चुकांबद्दल बोलायचा हक्क आम्ही पुरेपूर कमावलाय.

सापडलं आणि गप्प बसलो

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलते.

या खेळाचं मूळ कॉम्प्युटरवर आहे. पडद्यावरच्या खोलीत वस्तू शोधून सुटायचे खेळ आधी होते. २००७ साली जपानमध्ये क्योतोला ताकाओ कातो यांच्या स्क्रॅप कंपनीने तेच खऱ्या जागेत, खऱ्या माणसांना घेऊन सुरू केलं. पुढे २०११ मध्ये बुडापेस्टला पॅरापार्क निघालं आणि युरोपभर हे वेड पसरलं. पडद्यावर खेळणारा एकटा असतो, सापडलेली प्रत्येक वस्तू त्याच्याच डोळ्यांसमोर असते. खोलीत मात्र किल्ली एकाच्या हातात, कुलूप दुसऱ्यासमोर आणि आकडा तिसऱ्याने वाचलेला. एकमेकांना सांगितलं नाही तर सगळं असूनही काही नसल्यासारखंच.

आणि आपल्या घरांत सांगायची सवय कुठे असते? आमच्या थोरलीला सुरतेत घड्याळाच्या मागे चार आकडे दिसले होते. तिने दोनदा सांगायचा प्रयत्न केला. एकदा तिचे बाबा म्हणाले "थांब गं", दुसऱ्यांदा मी. तिसऱ्यांदा ती बोललीच नाही. तोच आकडा शेवटच्या दाराचा होता.

आता आमचा नियम असा: जे सापडेल ते मोठ्याने ओरडून सांगायचं, लाजायचं नाही. खोलीतल्या एका टेबलाला 'ताट' म्हणायचं आणि वस्तू तिथेच ठेवायची, खिशात नाही. वापरून झालेली किल्ली त्याच कुलपात राहू द्यायची. बहुतेक खोल्यांत किल्ली एकदाच लागते, त्यामुळे ताटात जे उरलंय ते अजून वापरायचं आहे, एवढं आपोआप कळतं. आणि काही अडलं की सगळ्यांत लहान माणसाला आधी विचारायचं. धाकटा नऊ वर्षांचा आहे, त्याची उंची टेबलाएवढी. टेबलाखाली चिकटवलेलं त्यालाच दिसतं.

कुलपाशी कुस्ती

आबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. तिसऱ्या कुलपापाशी त्यांचा संयम संपला. आकड्यांचं कुलूप हातात घेतलं, त्याचा दांडा ओढून धरला आणि एकेक चकती फिरवत बोटाला कुठे अडकल्यासारखं लागतंय ते बघत गेले. दीड मिनिटात कुलूप उघडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. आतून निघाला एक लाल काचेचा तुकडा, ज्याचं काय करायचं हे कळायला आधीची दोन कोडी सुटलेली हवी होती. ती तर आम्ही ओलांडून आलो होतो. पुढची दहा मिनिटं त्या काचेतून एकमेकांची तोंडं बघत बसलो. चोरवाटेने गेलं की खेळाची साखळी तुटते, आणि जोर लावून कुलूप बिघडलं तर दंड भरावा लागतो तो वेगळाच.

उत्तर बरोबर असूनही कुलूप उघडत नसेल तर मात्र हे बघा. आकडे नेमक्या खुणेच्या रेषेवर आलेत का? बऱ्याच कुलपांची रेष समोर नसून बाजूला असते. क्रम उलटा लावून पाहिला का? चार दिशांना सरकणाऱ्या बटणाचं कुलूप असेल तर सुरुवातीला दांडा दोनदा आत दाबावा लागतो, नाहीतर आधीच्या माणसाच्या चुकलेल्या खेपा त्यात तशाच शिल्लक राहतात. भाच्याने बरोबर उत्तर चार वेळा घातलं होतं, फक्त हे माहीत नव्हतं.

अंदाजाने आकडे फिरवत बसायचा मोह होतो, तर हिशोब करा. तीन आकड्यांच्या कुलपाच्या हजार जोडण्या होतात. एकेकीला तीन सेकंद धरले तरी पन्नास मिनिटं गेली. पण दोन आकडे पक्के असतील आणि एकच अडला असेल, तर दहा फिरक्यांत काम होतं. तेवढं खुशाल करा, त्यात पाप नाही.

सात जणांची एकच रांग

सुरतेला नणंद राहते उधन्याला. अमळनेरहून सुरतेच्या गाडीत बसलं की सरळ तिथेच, त्यामुळे सुट्टीत आमची अख्खी वरात निघते. सगळ्यांची तिकिटं एकाच खोलीची काढली. ती खोली होती एका ओळीतली. म्हणजे पहिलं कोडं सुटल्याशिवाय दुसरं हातात येत नाही. तिथे एक माणूस डोकं चालवतो आणि सहा जण त्याच्या खांद्यावरून सल्ले देतात.

बुकिंग करताना एवढंच विचारा: कोडी एकामागून एक आहेत, की एकाच वेळी तीन-चार ठिकाणी काम करता येतं? एका ओळीतली असतील तर तीन-चार माणसं भरपूर झाली. जास्त असाल तर दोन गट करा आणि शर्यत लावा. दुसरं विचारायचं ते भाषेचं. सुरतेच्या एका कोड्यात इंग्रजी शब्दांच्या उच्चाराचा श्लेष होता. सासूबाई आणि आबा तिथे गार झाले, खरं सांगायचं तर मीसुद्धा. चित्रं, आकडे, वस्तू जुळवणं असली कोडी असणारी खोली मागून घ्या, बहुतेक ठिकाणी सांगतात.

सेन्सरच्या खोलीत गोंगाट

पुण्याला भावाकडे गेलो तेव्हा वाटलं, आता आपण तयार आहोत. तिथे एकही कुलूप नव्हतं. पुतळा ठरावीक जागी ठेवला की पलीकडच्या भिंतीतला कप्पा खट् करून उघडायचा. आम्ही पुतळा ठेवला, काही झालं नाही असं समजून उचलला आणि दुसरीकडे ठेवला. झालं होतं, पण सगळे एकदम बोलत असल्यामुळे तो खट् कुणालाच ऐकू गेला नाही. कप्पा वीतभर उघडा पडून होता आणि अकरा मिनिटं तिकडे कुणी पाहिलं नाही.

अशा खोलीत वस्तू ठेवली की दोन-तीन सेकंद हात काढून थांबा, गप्प राहा, आणि एकाने फक्त खोलीवर नजर फिरवावी. दार ओढू नका. आत इलेक्ट्रोमॅग्नेट असतो आणि २८० किलोपर्यंतची ओढ सोसणारे मॅग्नेट बाजारात सर्रास मिळतात, तिथे आपली ताकद काय पुरणार! या मॅग्नेटचा एक गुण मला फार आवडला. वीज गेली की ते सुटतात. आबा लगेच म्हणाले, मग आपल्या गावात हा खेळ नको, दर दुपारी फुकटात जिंकू.

हिंट मागायला लाज

खेळ चालवणारा कॅमेऱ्यातून बघत असतो, हिंट द्यायलाच बसलेला असतो. तरी आमच्या ह्यांनी पहिली हिंट अडतिसाव्या मिनिटाला मागू दिली. कारण काय, तर पाहुण्यांसमोर कसं मागायचं! पाच मिनिटं सगळे एकाच जागी अडले की मागायची, असं आता ठरलंय. हे अजून तोंड वाकडं करतात.

भुताटकीची खोली

मुलं असतील तर आत जिवंत माणूस भूत होऊन येतं का, अंगाला हात लावतं का, आणि मधूनच बाहेर पडता येतं का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका. आम्ही विचारले नाहीत. धाकटा सातव्या मिनिटाला माझ्या कडेवर होता. बाकी सांगण्यासारखं काही नाही, कारण बाकी आम्ही पाहिलंच नाही.

डब्यातला खेळ

घरी खेळायच्या काही डब्यांत कार्डं कापायची, दुमडायची, त्यांवर लिहायचं असतं. एकदा खेळला की संपला. विकत घेताना हे बघा, नाहीतर कार्डांच्या झेरॉक्स काढून त्या कापा. धाकट्याने उत्साहात पहिलंच कार्ड चुकीच्या रेषेवर कापलं आणि तो डबा आता बटणं ठेवायला वापरतो.

आखाजीचा घरचा डाव

आखाजीला माहेरवाशिणी येतात, घर भरतं, पोरांना दुपारी उन्हात सोडता येत नाही. म्हणून मी आणि नणंदेने धाब्याच्या जुन्या घरात एस्केप रूम मांडली. कोनाडे, उतरंड, कणगी, भिंतीतलं सागवानी कपाट. वाटलं, देखावा तर तयारच आहे. तीच चूक. जुनं घर आधीच खोट्या धाग्यादोऱ्यांनी भरलेलं असतं. पोरांनी सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर धरलं. त्यावर दूधवाल्याचा हिशोब होता: दीड, दोन, खाडा, दीड. अर्धा तास त्यांनी त्याचं गणित मांडलं. खाडा म्हणजे शून्य, हेसुद्धा ठरवलं. पोरांची हुशारी बघून मलाच सांगवेना. खऱ्या एस्केप रूममध्ये खेळात नसलेल्या वस्तूंवर तशी चिठ्ठी चिकटवतात. आपणही प्रत्येक नको त्या वस्तूवर रंगीत टिकली लावावी. घरात टिकल्यांना तोटा नसतो.

मग कोड्यांची पाळी. एक चिठ्ठी होती: 'कळण्याच्या भाकरीला लागतं त्या दोन मडक्यांत हात घाला.' माझ्या थोरलीने ताबडतोब ज्वारी आणि उडदाची मडकी गाठली. पुण्याचा भाचा कळणं हा शब्दच पहिल्यांदा ऐकत होता. सुरतेत इंग्रजीपायी मी जशी गार झाले, तसंच त्याला मी केलं. उत्तर खोलीतच कुठेतरी असावं, बाहेरून आणावं लागू नये. आता चिठ्ठीसोबत 'आजीला विचारा' असं लिहिते आणि आजीला ओट्यावर बसवते. सासूबाई सरळ उत्तर देत नाहीत, त्याबदल्यात एक आन्हा घालतात. पोरांना कोड्यावर कोडं.

दुसरी चिठ्ठी गाडीची होती. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, प्रत्येक नावावर एक आकडा आणि खाली 'गाडी येते तसे लावा'. सुरतेच्या पोरांनी नंदुरबारपासून लावले, इथल्या पोरांनी नरडाण्यापासून. दोन्ही बरोबर! गाडी दोन्हीकडून येते, हे मांडताना आमच्या डोक्यात आलंच नाही. कोडं लिहिलं की खेळात नसलेल्या एका माणसाला सोडवायला द्या. त्याने दुसरं उत्तर काढलं तर चूक आपली.

आणि आता जे सांगते त्यात गंमत नाही. खेळाला रंग यावा म्हणून एका पोराने बाहेरून साखळी चढवली. आत सहा पोरं, बाहेर पारा ४३ च्या वर, आणि आम्ही दोघी पलीकडे खापरावरच्या पुरणपोळ्या करण्यात दंग. दहा मिनिटांनी आबांनी हाका ऐकल्या आणि दार उघडलं. पोरं घामाने थबथबली होती, एवढंच. पण ४ जानेवारी २०१९ ला पोलंडमधल्या कोशालिन गावात वाढदिवसाला एस्केप रूममध्ये गेलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुलींचा जीव गेला. गॅस हीटरमुळे आग लागली आणि त्यांना बाहेर पडायला वाट नव्हती. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनच्या आगीत मुलांसह वीसहून अधिक माणसं दगावली. तेव्हा घरच्या खेळात दाराला साखळी, कडी, कुलूप काहीही लावायचं नाही. 'दार बंद आहे असं समजा' म्हटलं की मुलं समजतात. एक मोठं माणूस पूर्ण वेळ दाराशी हवं, पंखा हवा, पाण्याचा माठ आत हवा. बाहेरच्या खोलीत गेलात तर आत शिरायच्या आधी विचारा: वीज गेली तर दार कसं उघडतं, दुसरी वाट कुठे आहे, मुख्य दाराला खरं कुलूप लावता का. बहुतेक चांगल्या ठिकाणी लावत नाहीत. उत्तर द्यायला कुणी का-कू केली तर पैसे बुडाले तरी चालतील, परत फिरा.

शेवटची चूक किरकोळ, पण महाग पडली. घरच्या खऱ्या किल्ल्या खेळात घेऊ नका. आम्ही जुन्या किल्ल्यांचा अख्खा जुडगा खोलीभर लपवला होता, त्यात सागवानी कपाटाची किल्लीही गेली. ती अजून सापडलेली नाही. कपाटात गेल्या वर्षीचं लोणचं आणि बिबड्यांचा डबा आहे. आबा रोज दुपारी तारेचा तुकडा घेऊन त्या कपाटासमोर बसतात. चावीवाल्याला बोलावू का, असं काल विचारलं, तर मान वर न करता म्हणाले, "थांब, आजून टाइम शे."