मैदानावर सगळ्यात पुढे, वाचायची वेळ आली की गायब: अशा मुलाला मदत कशी करायची

अकरा ते चौदा वयाची मुलं वाचता न येणं इतकं सफाईने लपवतात की वर्षानुवर्षं कोणाला पत्ता लागत नाही, आणि मूल खेळात चांगलं असलं की अजूनच, कारण सगळे त्याच्या खेळाचं कौतुक करण्यात गुंतलेले असतात. त्यामुळे कोच असाल किंवा पालक, आधी नीट बघा. टीमची लिस्ट लागली की हा पुढे जात नाही, मित्राला विचारतो "माझं नाव आहे का रे". ड्रिल कागदावर दिली की रांगेत मुद्दाम शेवटी उभा राहतो म्हणजे पुढच्यांचं बघून करता येतं. वर्गात वाचायची पाळी जवळ आली की पाणी प्यायला जातो, पुस्तक विसरतो, नाहीतर मस्ती करून बाहेर काढून घेतो, कारण मस्तीखोर म्हटलेलं चालतं पण "ढ" म्हटलेलं सहन होत नाही. मुली बऱ्याचदा गप्प राहून लपवतात, म्हणून त्यांचं अजून उशिरा लक्षात येतं.

शंका आली की लगेच डिस्लेक्सियाचा, म्हणजे अक्षरांवरून शब्द वाचणं मुळातच जड जाण्याच्या अडचणीचा, शिक्का मारू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, आणि शाळेची भाषा घरच्यापेक्षा वेगळी आहे का तेही बघा. मग एकांतात एक छोटा उतारा वाचायला द्या, पण धड्यातला नको, तो पाठ असू शकतो. जोडाक्षरं गाळतो का, पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजाने ठोकतो का, ओळ हरवते का ते ऐका. नंतर तेवढाच अवघड असा दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि दोन्हींवर प्रश्न विचारा. ऐकलेल्यावर उत्तरं पटापट आली आणि स्वतः वाचलेल्यावर नाही, तर बहुतेक अडचण समजण्यात नाही, अक्षरांवरून शब्द उलगडण्यात आहे. हा फरक फार महत्त्वाचा आहे, आणि हे त्यालाही सांगा, कारण तो मनातून स्वतःला बिनडोक समजत असतो!

बोलायचं कसं? समोर बसवून चौकशी केल्यासारखं तर अजिबात नको. प्रॅक्टिसनंतर सामान आवरताना शेजारी राहून हळूच विचारा, "वाचताना तुला खूप जोर लावावा लागतो का रे?" आणि मग गप्प बसा. पहिल्यांदा नाहीच म्हणेल, म्हणू दे, काही दिवसांनी परत विचारा. कोणालाच सांगणार नाही असं खोटं वचन देऊ नका, घरी आणि शाळेत सांगावं लागेल, पण टीमला कळणार नाही एवढं नक्की सांगा आणि ते पाळा.

मग शाळेकडे तपासणीची मागणी लेखी करा, तोंडी बोललेलं विसरलं जातं. डिस्लेक्सियाचा हुशारीशी संबंध नाही, आणि तो बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. जॅकी स्टुअर्ट 1969, 1971 आणि 1973 मध्ये फॉर्म्युला वनचे वर्ल्ड चॅम्पियन झाले आणि त्यांना डिस्लेक्सिया असल्याचं 1980 मध्ये कळलं, तोवर स्वतःला मंदच समजत होते. इतकी वर्षं कोणाची का जावीत?

"जास्त वाच म्हणजे येईल" हा सल्ला इथे चालत नाही. अवघड मूव्ह आपण तुकडे करून शिकवतो तसंच आवाज आणि अक्षर यांची जोडी, मग जोडाक्षरं, मग शब्द, असं क्रमाने आणि उघडपणे शिकवावं लागतं, शक्यतो यातलं प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाकडून. घरी रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत. एकच छोटा उतारा तीन-चार वेळा वाचून घ्या, वेग वाढलेला त्याला स्वतःला कळतो. मजकूर त्याच्या वयाचा हवा, मॅचची बातमी चालेल पण बालवाडीचं पुस्तक हातात दिलंत तर परत बसणार नाही. बाकी विषयांसाठी ऑडिओ वापरू द्या, ती चिटिंग नाही.

आणि प्लीज, वाचन सुधारेपर्यंत खेळ बंद असं करू नका. दिवसभरात तो ताठ मानेने उभा राहतो अशी तीच एक जागा असते, ती काढून घेतली तर वाचायला बळ कुठून आणणार? कोचने उलट सूचना लिहून देताना तोंडीही सांगाव्यात, ग्रुपवर व्हॉइस नोट टाकावी, आणि हे सगळ्यांसाठीच करावं म्हणजे तो वेगळा दिसत नाही. टीमसमोर काही वाचायचं असेल तर कागद त्याला आदल्या दिवशी द्या आणि वाचशील का विचारा, नको म्हणाला तर दुसऱ्याला द्या, का नको ते विचारू नका.