जुन्या थाटाची रेसिंग कार्ट घरी बांधताय? या चुका टाळा

सांगली, मिरज, कुपवाड, इस्लामपूर, कराड, सातारा या पट्ट्यात वेल्डर, टर्नर, फिटर यांची वाण नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोडच्या माळावर नांगरांचा कारखाना उभारला, ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. तेव्हापासून इथे लोखंडाला आकार देणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आली. त्यामुळे १९२०-३० च्या दशकातल्या रेसिंग गाड्यांसारखी दिसणारी, उंच तारांच्या चाकांची, एका माणसापुरती छोटी कार्ट बांधायची हौस आपल्याकडे सहज पुरी होऊ शकते. कॅलिफोर्नियातल्या एका कुटुंबानं १९९० च्या दशकात हा छंद सुरू केला आणि या गाड्यांना सायकलकार्ट हे नाव पडलं. त्यांचा ठोकताळा आजही चालतो: साधारण २०० सीसीचं इंजिन, १७ इंची बारीक चाकं आणि गाडीचं वजन ११३ किलोच्या आसपास.

हौस आहे, कारागीर आहेत, तरी बऱ्याच गाड्या शेडच्या कोपऱ्यात अर्धवट पडून राहतात. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. माणूस बॉनेट आणि रंगापासून सुरुवात करतो, नाहीतर आधी इंजिन विकत आणतो. ही गाडी चाकापासून वर बांधायची असते. चाक कुठे आणि कशावर बसणार हे ठरल्याशिवाय चॅसीचा एकही पाईप कापू नका.

चाक: सगळ्यात महागात पडणारी चूक

भंगारातून सीटी १०० सारख्या बाइकची १७ इंची तारांची चाकं आणायची आणि तिच्याच अ‍ॅक्सलवर कार्टला लावायची, हा मोह सगळ्यांना होतो. पण बाइक वळणावर झुकते, त्यामुळे भार चाकाच्या सरळ रेषेत येतो. कार्ट झुकत नाही. वळणाचा सगळा जोर चाकावर आडवा येतो. शिवाय बाइकचा अ‍ॅक्सल फोर्कमध्ये दोन्ही टोकांना धरलेला असतो आणि कार्टवर तोच अ‍ॅक्सल एकाच बाजूनं बाहेर लोंबतो. १२ मिलिमीटरचा अ‍ॅक्सल असा लोंबता ठेवला की पहिल्या जोरदार वळणातच वाकतो. वाकला तर नशीब, कारण तुटला तर चाक गाडीच्या पुढे पळतं.

उपाय अवघड नाही. अनेक बाइकच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) ६३०१ नंबरचं बेअरिंग असतं: आतून १२, बाहेरून ३७ मिलिमीटर. बाहेरून तेवढंच पण आतून २० मिलिमीटरचं बेअरिंग म्हणजे ६९०४. हब न कापता त्याच घरात ते बसतं, फक्त जाडीला ३ मिलिमीटर कमी असल्यानं एक रिंग टाकावी लागते. हबमध्ये ६३०२ असेल तर ६००४ घ्या, त्यात जाडीचाही फरक एका मिलिमीटरचाच आहे. मात्र आधी व्हर्निअरनं माप घ्या, मग दुकानात जा.

आता यातली चूक. दोन बेअरिंगांच्या मधली नळी लोक विसरतात किंवा जुनीच घुसवायला बघतात. जुनी नळी १२ च्या अ‍ॅक्सलची असते, ती २० च्या शाफ्टवर जाणारच नाही. टर्नरकडून नवी करून घ्या आणि लांबी अगदी नेमकी ठेवायला सांगा. नळी आखूड राहिली तर नट आवळताच बेअरिंगच्या आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात. चाक हातानं फिरवून बघा. नट सैल असताना मोकळं फिरतं आणि आवळल्यावर जड होतं, म्हणजे दोष नळीत आहे. अशी गाडी मैदानात दोन फेऱ्या मारून आली की हबला हात लावता येत नाही.

स्टब अ‍ॅक्सलचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या एकाच बाजूनं धरलेल्या आखूड अ‍ॅक्सलचा, शाफ्ट ईएन ८ या पोलादाचा घ्या. तो जिथे जाड होतो तिथे टर्नरला कोपरा चौकोनी ठेवू देऊ नका, थोडी गोलाई द्यायला सांगा. तडा कायम त्या धारदार कोपऱ्यातून सुरू होतो. त्या जागी वेल्डिंग तर अजिबात नको.

आणि तारा. गॅरेजवाल्यानं आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून दिला म्हणजे चाक तयार झालं, असं नव्हे. बाइकला पुरणारा ताण कार्टला पुरत नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं एकेक तार वाजवत चाकाभोवती फिरा. ताणलेली तार खणखणते, सैल तार भद्द वाजते. एकाच बाजूच्या सगळ्या तारांचा आवाज सारखा यायला हवा. पहिल्या दिवशी दर काही फेऱ्यांनी ही तपासणी करा, कारण नव्या तारा हबच्या भोकांत बसताना सैल होतातच. वळणात 'कट्-कट्' आवाज येत असेल तर तो इंजिनाचा समजून वेळ घालवू नका. आधी तारा बघा.

स्टिअरिंग

फक्की हे इथलं सगळ्यात स्वस्त हत्यार. कबड्डीच्या मैदानाच्या रेषा आखायला वापरतात तीच. सपाट मुरमावर फक्कीचा पट्टा मारा, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि गाडी हातानं ढकलत त्यावरून न्या. पुढच्या दोन्ही टायरांच्या खुणा स्वच्छ उमटल्या तर छान. एखाद्या टायरनं फक्की फरफटत नेली असेल, तर दोन्ही चाकं एका केंद्राभोवती फिरत नाहीत. वळणात आतल्या चाकाला बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं. त्यासाठी किंगपिनपासून (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती पिन) टायरॉडच्या (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) टोकापर्यंतचे हात थोडे आत कलते ठेवतात. त्यांची रेषा मागे वाढवली की ती मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध मिळावी. हे हात समांतर वेल्ड केलेल्या गाड्या वळणात सरळच पळू बघतात आणि चालक उगाच टायरांना दोष देतो.

दुसरी गोष्ट, किंगपिन अगदी उभी लावू नका. वरचं टोक मागे, १० ते १५ अंश कललेलं हवं. हा कल नसेल तर वळणातून बाहेर आल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही आणि सरळ रस्त्यावरही गाडी भरकटते. माणूस चालतो तेवढ्या वेगात क्षणभर हात सोडून बघा, लगेच कळेल.

टायरॉडचे रॉड एंड (टोकाचे फिरते सांधे) चांगल्या प्रतीचे घ्या, सगळीकडे नायलॉक (थरथरीनं सैल न होणारे) नट वापरा आणि स्टिअरिंगच्या दोन्ही टोकांना अडणी, म्हणजे स्टॉपर, वेल्ड करा. अडणी नसेल तर चाक गरजेपेक्षा जास्त वळून सांधा उलटा अडकतो. हा प्रकार हळू वेगातही गाडी उलथवतो.

इंजिन घेताना

होंडा जीएक्स २०० किंवा त्या मापाची इंजिनं पॉवर वीडर, फवारणी पंप, जनरेटर अशा सगळ्या कामांत असतात, म्हणून ऊसपट्ट्यात जुनी इंजिनं मिळायला अडचण नाही. पण वरून सारखी दिसणारी ही इंजिनं शाफ्टमध्ये वेगवेगळी निघतात. कुठे २० मिलिमीटरचा शाफ्ट, कुठे पाऊण इंची म्हणजे १९.०५, कुठे पंपासाठी आट्यांचा, तर कुठे आतच गिअर असल्यामुळे फेरे कमी झालेले. ऑनलाइन मागवलेला क्लच पाऊण इंची असतो आणि इंजिन २० चं निघतं. मग कोणीतरी शाफ्ट घासायला घेतं. घासू नका. क्लच आणि इंजिन यांची मापं जुळवूनच खरेदी करा. रॉकेलवर चालणारं पंपाचं इंजिन तर स्वस्तात मिळालं तरी नको, त्याची ताकद कमी असते.

बसवतानाची दिशा हा अनेकांना शेवटी कळणारा मुद्दा. शाफ्टकडे तोंड करून पाहिलं तर ही इंजिनं घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. म्हणून साध्या चेनवर गाडी पुढे जायची असेल तर शाफ्ट चालकाच्या डाव्या बाजूला निघायला हवा. उजवीकडे काढला तर गाडी मागे जाईल. चॅसीवर इंजिनाची प्लेट वेल्ड करण्याआधी दोरी ओढून एकदा डोळ्यांनी खात्री करा.

डाव्या किंवा उजव्या वळणात इंजिन गपकन बंद पडतं आणि सरळ आल्यावर पुन्हा सुरू होतं, ही तक्रार बरेच जण करतात. लोक कार्बोरेटर खोलतात, प्लग बदलतात. बऱ्याचदा दोष तिथे नसतो. या इंजिनांपैकी अनेकांत ऑइल कमी झालं की ठिणगी तोडणारा सेन्सर असतो. वळणात ऑइल एका बाजूला सरतं आणि सेन्सरला ऑइल संपल्यासारखं वाटतं. गाडी सपाट जागी ठेवून ऑइल पूर्ण भरा, जीएक्स २०० मध्ये ते ०.६ लिटर मावतं. तरी बंद पडत असेल तर सेन्सरची वायर काढून एक फेरी मारा. दोष गेला तर कारण सापडलं. वायर काढूनच ठेवायची असेल तर प्रत्येक फेरीआधी ऑइलची काडी तपासायची सवय लावून घ्या, कारण आता इंजिनाला वाचवणारं दुसरं काही उरलेलं नसतं. वायर काढूनही तसंच होत असेल तर मात्र कार्बोरेटरचा फ्लोट बघा.

गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारी यंत्रणा, काढायचा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. मिनिटाला ३६०० फेऱ्यांसाठी बनवलेलं ओतीव फ्लायव्हील आणि कनेक्टिंग रॉड त्याच्या बऱ्याच पुढे नेले तर फुटतात, आणि ते तुमच्या पाठीमागे जेमतेम हातभर अंतरावर असतात.

गिअरिंगचं गणित

लहान गो-कार्टचे स्प्रॉकेट उचलून या गाडीला लावले की क्लच जळतो. हिशेब साधा आहे. १७ इंची चाकाचा टायरसकट व्यास सुमारे ५७ सेंटिमीटर, म्हणजे एका फेरीत गाडी साधारण १.८ मीटर पुढे जाते. पुढे १० आणि मागे ६० दात ठेवले तर ३६०० फेऱ्यांना चाकाच्या ६०० फेऱ्या होतात, म्हणजे वेग ताशी ६५ किलोमीटरच्या जवळ. ऐकायला छान वाटतं. पण फेरे वाढले की आपोआप पकडणारा साधा सेंट्रिफ्युगल क्लच २००० फेऱ्यांच्या आसपास पकडतो, आणि या गिअरिंगला त्याचा अर्थ ताशी ३६ किलोमीटर. त्याखालच्या वेगात, म्हणजे आपल्या छोट्या मैदानातल्या जवळजवळ प्रत्येक वळणात, क्लच नुसता घसरत राहतो. जळका वास आला की समजा. मागे ७२ दात घेतले तर वरचा वेग ताशी ५४ वर येतो आणि क्लच जगतो. पैसे असतील तर पट्ट्याचा टॉर्क कन्व्हर्टर घ्या. सुरुवातीला तो स्वतःच गिअर कमी ठेवतो, आणि उंच चाकांच्या गाडीला तो खरोखर शोभतो.

चेन घेताना फक्त अर्धा इंच पिच (दोन पिनांमधलं अंतर) बघू नका, रुंदीही बघा. बाइकची ४२८ चेन आणि ४२० चेन यांचा पिच एकच असतो, पण ४२८ च्या स्प्रॉकेटवर ४२० बसत नाही.

ब्रेक

मागच्या शाफ्टला डिस्क लावली म्हणजे दोन्ही चाकं थांबतात, हा गैरसमज आहे. या कार्टमध्ये वळणं सोपी जावीत म्हणून बरेच जण मागचं एकच चाक चावीनं शाफ्टला जखडतात आणि दुसरं मोकळं ठेवतात. तशा गाडीत शाफ्टवरचा ब्रेक एकाच चाकाला लागतो आणि गाडी फिरते. तसं असेल तर बाइकचे ड्रम पुढच्या दोन्ही चाकांवर वापरा. ब्रेक प्लेटला अडकवणारा हात विसरू नका, नाहीतर प्लेट चाकाबरोबर फिरून केबल तोडते.

दिसणं

पहिल्यांदा बांधणाऱ्याची गाडी बहुधा उंच आणि रुंद होते. १९२४ साली लिओंच्या शर्यतीत उतरलेली बुगाटी टाइप ३५ फोटोत नीट बघा. अंगानं अरुंद, चाकं अंगाबाहेर, बॉनेट लांब, रेडिएटर पुढच्या अ‍ॅक्सलच्या पुढे गेलेला नाही, आणि चालक मागे, मागच्या चाकांच्या जवळ. चालकाला चॅसीच्या पाईपांवर बसवू नका, दोन पाईपांच्या मध्ये खाली बसवा. नुसत्या पत्र्याच्या नळकांड्याला जुन्या गाडीचं रूप येतं ते इथून. रंग आणि चामड्याचे पट्टे नंतरचे.

त्या काळचा थाट म्हणून गळ्यात लांब मफलर किंवा उपरणं मात्र कधीच नको. १९२७ साली नीस शहरात नर्तकी इसाडोरा डंकन उघड्या अमिलकार गाडीत बसली होती. तिचा लांब स्कार्फ मागच्या चाकात गुंतला आणि त्यातच ती गेली. तुमच्या कोपराच्या बाजूलाही उघड्या ताराच फिरत असतात. बाह्या घट्ट, हेल्मेट पूर्ण तोंडाचं, चेनवर गार्ड, आणि हाताशी इंजिन बंद करायचं बटण. रोलबार (डोक्यामागची संरक्षक कमान) नसेल तर सीटबेल्ट लावू नका, कारण गाडी उलटली तर माणूस तिच्याखाली बांधलेला राहतो.

पळवायची कुठे

यवतेश्वर घाट किंवा कासचा रस्ता डोळ्यांसमोर येतो, पण ते नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही आणि कलम १८९ नुसार परवानगीशिवाय शर्यत लावणं गुन्हा आहे. खासगी माळ शोधा आणि मालकाची लेखी परवानगी घ्या. नदीकाठच्या काळ्या रानात जाऊ नका, बारीक टायर तिथे रुततात आणि वळणात चाकाची कड मातीत अडकून गाडी उलथते. विटा, खटाव, माण या बाजूचा कडक मुरूम त्यासाठी उत्तम. धूळ भरपूर असते, म्हणून एअर फिल्टरवर तेल लावलेला फोम घाला आणि दिवस संपला की धुवा.

शर्यत घड्याळाविरुद्ध ठेवा, एका वेळी एक गाडी. उघड्या चाकांच्या दोन गाड्या चिकटल्या आणि एकीचं पुढचं चाक दुसरीच्या मागच्या चाकाला लागलं, तर फिरता टायर त्यावर चढतो आणि गाडी हवेत जाते.

पावसाळ्याआधी टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच साखर कारखान्यांमधूनही ते जातं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि चार महिने पडून राहिलेल्या पेट्रोलनं जेट बुजतो. दिवाळीनंतर इंजिन दोरीला दाद देत नसेल तर प्लग बदलण्याआधी वाटीचा खालचा बोल्ट काढून आत काय साठलंय ते बघा.